नानांची बारी

आमच्या खानदेशात भुतं रात्रपाळी करत नाहीत. उन्हाळ्यात रात्री त्यांना जागाच कुठे असते? अख्खं गाव गच्चीवर आणि अंगणात खाटा टाकून पडलेलं. दोन वाजेपर्यंत गप्पा, तीनला कुणाची तरी मोटर सुरू होते, चारला गवळी उठतो. भुताला बिचाऱ्याला टेकायला कोपरा मिळत नाही. आमच्याकडे खरी निर्जन वेळ म्हणजे वैशाखातली दुपार. बारा वाजले की गावाची दारं लागतात ती चारपर्यंत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमच्या शेजारच्या म्हातारीनं एकदा पत्र्यावर पापड वाळत घातले आणि भाजलेलेच उतरवले. एकदा मी चोपड्याच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तर चप्पल डांबरात राहिली आणि मी पुढे निघून आलो. दसऱ्याला जाऊन सोडवून आणली. असल्या दुपारी ओट्यावर कुणी बसलेलं दिसलं तर आधी त्याचे पाय बघायचे, मग रामराम करायचा.

मी हे सगळं जरा वाढवून सांगतो, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. माझं एक वाक्य ऐकलं की माणसं त्याचं अर्धं करून घेतात, आणि आई त्या अर्ध्याचंही अर्धं करते. म्हणून ही गोष्ट सांगताना मला फार जपून पावलं टाकावी लागतायत. हिच्यात मी काही घातलेलं नाही. पापडाचं सोडा.

आमची शेती चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी आणि कपाशी. मी नोकरीनिमित्त धुळ्यात, एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजतो. गावाकडे आबा आणि आई. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचे थोरले भाऊ ते नाना. दोघांचं वावर शेजारी-शेजारी, मध्ये बांध, बांधावर एक कडुलिंब आणि दोघांत मिळून एकच विहीर. विहीर एक आणि भाऊ दोन, म्हणजे पाण्याची बारी आलीच. तीन दिवस आमचे, तीन दिवस नानांचे.

बारा वर्षांपूर्वी नानांनी त्या कडुलिंबाची एक मोठी फांदी तोडली. त्यांच्या केळीवर सावली पडत होती म्हणे. फांदी त्यांच्या बाजूची होती की आमच्या, यावर दोघं भाऊ सकाळी नऊला भांडायला लागले आणि दुपारी बाराला थांबले. थांबले ते कायमचे. त्यानंतर अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसले तर एक जण आमटीकडे बघायचा, दुसरा मांडवाच्या छताकडे.

पण पाण्याची बारी मात्र एका मिनिटानं इकडची तिकडे झाली नाही. बोलायचं नाही, मग बारी संपली हे सांगायचं कसं? तर ज्याची बारी संपली त्यानं मोटर बंद करायची आणि त्याच कडुलिंबाचा एक डहाळा तोडून स्टार्टरच्या पेटीवर ठेवायचा. दुसऱ्यानं यायचं, डहाळा दिसला की तो उचलून बाजूला टाकायचा आणि आपली मोटर चालू करायची. डहाळा नसला तर आलेला माणूस बांधावर बसून राहायचा, पण पेटीला हात लावायचा नाही. अकरा वर्षं दोन सख्ख्या भावांचं सगळं बोलणं त्या डहाळ्यात झालं.

मागच्या वर्षी पोळा झाला आणि नाना गेले. आबा स्मशानात आले, जरा लांब बाभळीखाली उभे राहिले आणि सगळ्यांच्या आधी परतले. रडले नाहीत. नानांची पोरं सुरतेला असतात. त्यांनी वावर बटाईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दुसऱ्याला दिलं आणि गेली. तो बटाईवाला मोबाईल करून बारी सांगतो. आबा त्याचा फोन उचलत नाहीत.

संक्रांतीच्या सुमाराला आबा केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले. मांडीचं हाड मोडलं. जळगावला नेलं, सळई घातली, डॉक्टर म्हणाले, तीन महिने घरात. आमचे आबा घरात म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खाटेवरून आईला स्वयंपाक शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात आईचा मला फोन. "याले घी जाय धुळ्याले, नाहीतर मले तरी घी जाय."

तेव्हा मला तो खेळ आठवला.

मी सहावीत असताना नाना केळीच्या ट्रकवर दिल्लीला जायचे. एका खेपेला त्यांनी माझ्यासाठी हातात धरून खेळायचं एक यंत्र आणलं होतं. राखाडी रंगाचं, साबणाच्या वडीसारखं जाड, आणि त्यात घालायची एकच कॅसेट. खेळ शेतीचा. टोपी घातलेला एक बुटका शेतकरी, त्याचं एक घर, एक कुत्रं, एक वावर. नांगरायचं, बी टाकायचं, झारीनं पाणी द्यायचं. गावातली पोरं हसून लोळली, "दिल्लीहून आणून आणून शेतीच आणली!" पण नाना माझ्याशेजारी ओट्यावर बसून तासन् तास बघायचे आणि सूचना करायचे. "आधी पाणी दे, मग कुत्र्याशी खेळ." पुढे फांदीचं भांडण झालं आणि ते यंत्र नानांच्याच घरी राहिलं. मागायला जायची सोय उरली नाही.

आता तसल्या जुन्या यंत्रांचे खेळ फोनवर चालतात. त्यासाठी एम्युलेटर नावाचं ॲप लागतं. आबांना मी ते असं समजावलं, की एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा बाई तीच असते, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा येतो, तसं. फोन कालपरवाचा, पण त्याच्या अंगात पंचवीस वर्षांपूर्वीचं यंत्र येतं आणि बोलायला लागतं. आबांना हे एका दमात पटलं. मीच नंतर थोडा दचकलो.

गावी जाऊन आबांच्या फोनवर मी खेळ घालून दिला आणि आबा पहिल्याच दिवशी मुख्यमंत्र्यावर बोलावं तसे त्या शेतीवर बोलायला लागले.

"आठे केयी लावता येस नही का?"

"नाही आबा, केळी नाही. सलगम आहे, बटाटे आहेत."

"सलगम कोन खास? बरं, मजूर कोठे शेत?"

"एकटाच आहे तो."

"लोडशेडिंग?"

"नाही."

"मग ही शेती नही शे, हाई सपन शे," असा निकाल देऊन त्यांनी फोन खाली ठेवला आणि दहा मिनिटांनी परत उचलला. महिन्याभरात त्यांनी ते वावर असं फुलवलं की खेळ बनवणाऱ्या जपान्यानं येऊन त्यांच्या पाया पडावं.

या एम्युलेटरात खेळ जिथे थांबवला तिथला साठवून ठेवायला नऊ जागा असतात. जागेवर टिचकी मारली की तिथलं वावर जसं सोडलं तसं उघडतं. शेजारी एक लहानसं चित्र आणि साठवल्याची वेळही दिसते. मी आबांना पहिली जागा वापरायला शिकवली होती. होळीला गावी गेलो तेव्हा बघतो तर दुसऱ्या जागेतही एक वावर होतं. वेगळंच. आबांचं वावर सरळ रेघांचं, आणि हे मध्येच वळणारं, कडेला थोडी जागा मोकळी सोडलेली. नाना नेमकी तशीच पेरणी करायचे. कडेची ओळ सोडायचे, म्हणायचे, पाखरांना काय मी हाकलत बसू.

"आबा, हे कुणाचं?"

"नानानं शे ते."

असं म्हणाले, जसं "ती म्हैस शेजाऱ्याची" म्हणावं. मी आईकडे बघितलं. आई शेंगा फोडत होती, तिनं मान वर केली नाही.

"नानांचं म्हणजे, तुम्ही त्यांच्या नावानं खेळता?"

"मी काबं खेळू? तीन दिवस मन्ही बारी, तीन दिवस त्यान्ही. त्यान्ही बारी ऱ्हास तवय मी हात लावस नही."

नंतर आईनं मला मागच्या दारी सांगितलं. नानांची बारी आली की आबा दुपारचं जेवण झाल्यावर दुसरी जागा उघडतात, फोन माजघरात पाण्याच्या रांजणाला टेकवून ठेवतात आणि काठीच्या आधारानं बाहेर ओट्यावर येऊन बसतात. बाहेर ऊन पांढरं पडलेलं असतं. आत कुणी नसतं, आणि आतून त्या खेळाचं टिणटिण संगीत येत असतं. आबा मधूनमधून दाराकडे तोंड करून बोलतात. औंदा बोंडअळी आली. बटाईवाल्यानं तुझी केळी पिवळी केली. असलं काहीबाही.

"आई, तुला भीती नाही वाटत?"

"आकरा वरीस तोंड उघाडं नही त्यानी. आते बोलस तर बोलू दे. तू मधमा पडू नको."

माझा तर्क साधा होता. आबा हळूच आत जाऊन स्वतःच नानांचं वावर खेळत असणार आणि आम्हाला थाप मारत असणार. मी थापाड्या आहे तो काय आकाशातून पडलो? मला उलट कौतुकच वाटलं. मी दुसऱ्या जागेतल्या वावराचा स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमचे वडील दोन दोन शेतं कसतात, एक जिवंतांचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सहा दिवस असताना फोन चार्ज होईना. आबांनी चार्जिंगला लावून खेळत खेळत त्याची पिन खिळखिळी केली होती. मी तो धुळ्याला आणला. आग्रा रोडवरच्या दुरुस्तीवाल्यानं पिन बदलली आणि फोन माझ्या हातात देताना म्हणाला, "भाऊ, बॅटरी थोडी फुगेल शे. उन्हात ठेवू नका. गरम झाला की स्क्रीन आपोआप टच घेते. कुणी बोट नाही लावलं तरी."

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे. ज्याला पुढं लागेल त्यानं वापरावं.

शाळेला सुट्टी होती. मी दुपारी प्रयोगशाळेत पंख्याखाली फोन तपासत बसलो. पिन नीट बसली का बघायला खेळ उघडला आणि म्हटलं, आपणही एकदा पहिल्यापासून खेळून बघू, नानांच्या ओट्यावर खेळायचो तसं. नवा खेळ सुरू केला. रिकामं वावर, दगड, गवत, एक कुत्रं. पाच-सात मिनिटं खेळलो. मग निघताना सवयीनं साठवायचं बटण दाबलं.

ॲपनं विचारलं नाही, काही नाही. शेवटची वापरलेली जागा दुसरी होती, त्यानं मुकाट्यानं दुसऱ्या जागेत माझं रिकामं वावर भरलं. नानांचं वावर गेलं. वळणारी ओळ, पाखरांची कड, सगळं. चित्रात नुसते दगड.

मी आयुष्यात नापास झालो आहे, एकदा विहिरीत पडलो आहे, एकदा बिबट्या समजून पोलीस पाटलाच्या वासराला काठी घातली आहे. पण हातून असं कधी झालं नव्हतं. आबांनी अकरा वर्षांत भावाशी न बोललेलं सगळं त्या एका जागेत ठेवलं होतं, आणि मी अंगठ्यानं त्यावर नांगर फिरवला होता.

त्याच संध्याकाळी आईच्या फोनवरून आबा बोलले. "फोन व्हयना का दुरुस्त? आखाजीले नानानी बारीना शेवटना दिन शे. त्यान्हा पोऱ्या येत नहीत, त्यान्ही घागर आपलाच घर भरानी शे. फोन घीसन ये."

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. तिच्यावर आंबा, खरबूज, सांजोऱ्या ठेवतात आणि चुलीतल्या निखाऱ्यावर त्यांच्या नावानं घास टाकतात. नानांची ती पहिलीच घागर. आणि मी त्यांचं वावर पुसून बसलो होतो.

खरं सांगायचं माझ्या मनात एक क्षणही आलं नाही. थापाड्याच्या मनात थापच येते. माझ्याकडे स्क्रीनशॉट होता. त्यावरून मी सगळं वावर पुन्हा तसंच उभं करायचं ठरवलं. एम्युलेटरात खेळ भरधाव पळवायची सोय असते. दिवस सेकंदात जातो. तीन दुपारी मी प्रयोगशाळेचं दार लावून बसलो. बाहेर चिटपाखरू नाही, पंखा गरम हवा फिरवतोय, आणि माझ्या हातात वर्षं पळतायत. पाऊस, बर्फ, फुलं, पुन्हा पाऊस. तो टोपीवाला भुतानं झपाटल्यासारखा वावरभर धावतोय आणि संगीत इतकं वेगात की किड्यांच्या किरकिरीसारखं ऐकू येतंय. माझ्या घामानं फोन ओला झाला होता.

तिसऱ्या दुपारी मी पाणी प्यायला उठलो. फोन टेबलावर. परत आलो तर टोपीवाला मी उभा केला होता तिथे नव्हता. तो वावराच्या कडेला, पाखरांसाठी सोडलेल्या ओळीशी जाऊन उभा होता, पाठ माझ्याकडे. मी त्याला परत मध्ये आणला. हात बाजूला घेतला. त्यानं दोन पावलं टाकली. थांबला. पुन्हा दोन पावलं. पुन्हा कडेला जाऊन उभा राहिला.

स्क्रीन आपोआप टच घेते. दुरुस्तीवाल्यानं सांगितलंच होतं. मी ते तीनदा मोठ्यानं म्हटलं आणि प्रयोगशाळेतला मानवी सांगाडा सोडला तर ऐकायला कुणी नव्हतं. तरीही मी घाई केली, ओळी मोजून स्क्रीनशॉटशी ताडून बघितल्या, दुसऱ्या जागेत साठवलं आणि दार उघडून सरळ उन्हात जाऊन उभा राहिलो. वैशाखाच्या उन्हात मला बरं वाटलं, यावरूनच काय ते ओळखा.

आखाजीच्या सकाळी अमळनेरवरून चोपडं गाठलं. गावात झाडांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या बहिणी-लेकी गाणी म्हणत होत्या, आणि मारुतीच्या पारावर माणसं पत्ते कुटत होती. आखाजीला पत्त्यांना कुणी ना म्हणत नाही, सण खेळायचाच. पण साडेअकरा झाले तसे झोके रिकामे झाले, पार रिकामा झाला, आणि गाव दारं लावून आत गेलं.

माजघरात आईनं घागर भरून मांडली होती. आबांनी काठी भिंतीला लावली, खाली बसता येत नव्हतं म्हणून स्टुलावर बसून वाकले आणि निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकला. "नाना, जेवी ले," एवढंच म्हणाले. धूर सरळ वर गेला. जेवणं झाली आणि आबांनी माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला.

त्यांनी दुसरी जागा उघडली. चष्मा सारखा केला. बघत राहिले. मी माझ्या कारागिरीवर खूश होतो; ओळीला ओळ, कोबीला कोबी.

"हाई नानानं वावर नही शे," आबा म्हणाले.

"असं कसं? तेच तर आहे!"

"डहाळा कोठे शे?"

मला काही कळेना. आबांनी बोटानं दाखवलं. त्या टोपीवाल्याच्या घराच्या दारापुढे एक रिकामा चौकोन होता. खेळात वावरात फांद्या पडलेल्या असतात, त्या उचलून कुठेही ठेवता येतात. नानांची बारी संपली की दारापुढे एक फांदी ठेवलेली असायची. मी फोन नेला तेव्हा बारी संपली होती, म्हणजे फांदी हवी होती. आणि माझा स्क्रीनशॉट होळीचा, बारी चालू असतानाचा. त्यात फांदी नव्हती.

मी पहिली थाप मारली: दुरुस्तीवाल्यानं फोन उघडला तेव्हा गेली असेल. दुसरी: कंपनीनं खेळ बदलला, आता फांद्या येत नाहीत. तिसरी मारायला तोंड उघडलं तोच आबा म्हणाले, "व्हयनं का तुन्हं?"

मग मी खरं सांगितलं. सगळं. बटण, रिकामं वावर, तीन दुपारी. आई चुलीजवळ उभी राहून ऐकत होती.

आबांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. मग फार हळू म्हणाले, "आकरा वरीस मी त्यान्ही बारीमा एक बादली पानी लिधं नही. आन् तू बठ्ठं वावर पुशी टाकं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. संक्रांतीपासून मोडलेल्या मांडीनं जे केलं नव्हतं ते मी केलं. पहिल्यांदाच आबा मला म्हातारे दिसले.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बंद कर. ठेव घागरीजवय. त्यान्ही बारी शे, त्याले जे करानं ते करी."

मी फोन बंद केला. नुसती स्क्रीन नव्हे, बटण दाबून धरून पूर्ण बंद. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दहा कमी होते. घागरीला टेकवून ठेवला आणि आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत आलो. माजघराला दार एकच. आबा खाटेवर, काठी माझ्या बाजूला. आई उंबऱ्याशी पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. मी दाराला पाठ लावून बसलो. कुणाला आत जायचं असतं तर मला ओलांडून जावं लागलं असतं.

डोळा लागला का? लागला असेल. पाच मिनिटं म्हणा, दहा म्हणा. आयुष्यात पहिल्यांदा एखादी संख्या मी कमी करत नाही आणि वाढवतही नाही. एवढं आठवतं की मध्येच कधीतरी पाठीमागून, दाराच्या लाकडातून, ते टिणटिण संगीत आलं. भरधाव नव्हे. संथ, नेहमीच्या चालीत. मी मान वळवली नाही. समोर आबा झोपले होते, तोंड उघडं. काठी माझ्याजवळच होती. आई उंबऱ्याशी होती.

चार वाजता आई चहा ठेवायला उठली आणि तिच्याआधी मी आत गेलो. फोन जिथे ठेवला तिथेच, काळा, बंद. हातात घेतला तर गार. घागरीच्या ओलाव्यानं गार होणारच, त्यात काय. मी तो चालू केला, खेळ उघडला, जागांची यादी काढली. पहिल्या जागेत आबांचं वावर, वेळ गेल्या आठवड्यातली. दुसऱ्या जागेत माझं बनावट वावर असायला हवं होतं, वेळ परवाच्या दुपारची.

वेळ आजची होती. एक वाजून वीस मिनिटं.

मी उघडलं. कडेच्या ओळीतला कोबी, जो मी चुकून लावला होता आणि मला कळलंही नव्हतं, तो उपटलेला होता. पाखरांची ओळ मोकळी. सगळ्या वावराला पाणी दिलेलं, माती काळीभोर. टोपीवाला कुठे दिसेना. घरात गेला असावा. आणि घराच्या दारापुढे फांदी.

माझ्या हातातून फोन आबांनीच काढून घेतला. ते कधी उठून मागे उभे राहिले कळलं नाही. त्यांनी बघितलं. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं. मग त्यांच्या मिश्या हलल्या.

"बरं करं तू," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "इतला दिवस मीच ठेवत होतू. आज तू ठेवा."

"आबा, मी नाही ठेवला."

"हा."

"आईची शपथ, मी हातसुद्धा लावला नाही. फोन बंद होता!"

"हा, हा," आबा हसले. आईही चहा गाळता गाळता हसली. "मी दारमाच पडेल होती, मन्हावरून गया व्हशी आन् मले दखायनं नही," ती म्हणाली. "थापा मारानं कमी कर आते. चांगलं काम करं तर करं म्हन."

मी वेळ दाखवली. मी कोबीचं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितके ते दोघं जास्त हसत गेले. पारावर पत्त्यांचा डाव पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येत होता. आबांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि पहिली जागा उघडली. त्यांची बारी सुरू झाली होती.

आता आबांची मांडी जुळली आहे. ते बागेत जातात, बटाईवाल्याचा फोनही उचलतात. आखाजीनंतर महिन्यानं त्यांनी तो जुना फोन माझ्याकडे दिला. "मले आते खरं वावर शे. हाई तू समाय. नानानी बारी चुकाडू नको."

तो फोन धुळ्यात माझ्या घरी आहे. नानांची बारी आली की दुपारी मी तो पाण्याच्या माठाजवळ ठेवतो, बंद करून, आणि दार ओढून बाहेर येतो. पंखा चालू असतो, त्यामुळे आतलं काही ऐकू येत नाही, असं मी म्हणतो. तीन दिवस हात लावत नाही. चौथ्या सकाळी उघडतो, बघतो आणि बंद करतो. मग दहाच्या सुमाराला गावाकडून फोन येतो. मागे मोटरचा आवाज असतो, म्हणजे आबा विहिरीवरून बोलत असतात.

"ठेवा का रे डहाळा?"

"हो आबा, ठेवला," मी म्हणतो. इतकी लहान थाप मी जन्मात मारली नव्हती.